पर्यवेक्षकपद घ्या, पण नववीचा एक वर्ग हातातून सोडू नका

पुण्याहून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. मोठे आहे, म्हणून त्यातला गाभा देते.

"माझे वय 47. पेठेतल्या एका जुन्या अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी 21 वर्षे गणित शिकवते आहे, आठवी ते दहावी. येत्या जूनमध्ये आमच्याकडचे पर्यवेक्षकपद रिकामे होते आहे आणि सेवाज्येष्ठतेने माझा क्रमांक लागतो. संस्थेच्या सचिवांनी बोलावून 'तयारी ठेवा' म्हणून सांगितले. मुख्याध्यापक सर तीन वर्षांनी निवृत्त होतील, म्हणजे तोही प्रश्न पुढे येणारच. माझे यजमान म्हणतात, पगारात चार पैशांचा फरक, मग डोक्याला ताप कशाला? मुलगी यंदा बारावीला जाईल. ज्येष्ठतेत माझ्यानंतर माझी जवळची मैत्रीण आहे. तिला पद हवे आहे. 'तुला तर शिकवायलाच आवडतं, मग देऊन टाक ना लेखी नकार,' असे ती हसत म्हणाली, पण ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. माझी खरी भीती निराळीच आहे. वर्गात पाऊल टाकले की मी सगळे विसरते. ते सुख गेले तर उरलेली 11 वर्षे कशी जायची? मला माणसे सांभाळता येतील का, हेही माहीत नाही. गेल्या वर्षी एका नव्या सरांचा समरूप त्रिकोणांचा पाठ बसत नव्हता. मुले गप्प, सर घामाघूम. मग आम्ही दोघांनी मिळून मुलांना मैदानावर नेले, ध्वजस्तंभाची आणि एका मीटरपट्टीची सावली मोजायला लावली. दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिले तर मागच्या बाकावरची मुले फळ्याशी जाऊन भांडत होती. त्या दिवशी मला माझा स्वतःचा तास उत्तम झाल्यासारखा आनंद झाला. पण एवढ्यावर पर्यवेक्षक होता येते का?"

सप्रेम नमस्कार.

हो, एवढ्यावरच होता येते. माझे मत आधीच सांगते: पद घ्या. तुमच्या पत्रातल्या बाकीच्या सगळ्या ओळींपेक्षा मला ध्वजस्तंभाची गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे.

शाळेत पद घेणाऱ्या माणसाची मला एकच परीक्षा खरी वाटते. दुसऱ्याचा तास चांगला झाला तर त्याला आनंद होतो का? वर्षानुवर्षे वर्ग गाजवलेल्या शिक्षकांना हे जमतेच असे नाही. मुले आपल्याकडेच धावत यावीत, 'बाईंसारखं कुणी शिकवत नाही' असे पालकांनी म्हणावे, ही सवय फार गोड असते. त्यात गैर काही नाही. अशा शिक्षकाने जन्मभर वर्गातच राहावे आणि त्याबद्दल कुणी त्याला कमी लेखू नये. पण तुम्ही खिडकीबाहेर उभ्या राहून, आपले नाव कुठेही नसताना, आनंदी झालात. पर्यवेक्षकाचे काम तिथेच सुरू होते.

आपल्याकडे हे काम भलत्याच गोष्टींखाली गाडले गेले आहे. पर्यवेक्षक म्हटले की डोळ्यांपुढे कोण येते? रजेवरच्या शिक्षकांचे तास लावणारा, जिन्यात उभा राहून मुलांना रांगेत सोडणारा, उशिरा येणाऱ्यांची वही सांभाळणारा, परीक्षेची बैठकव्यवस्था करणारा. ही कामे करावीच लागतात, सकाळचा पहिला तास तर त्यातच जातो. पण पद आहे ते शिकवण्यावर देखरेख ठेवण्यासाठी, आणि पाठनिरीक्षण मात्र वर्षातून एकदा, फाइल पुरी करायची म्हणून होते. 'फळ्याचा वापर योग्य. विद्यार्थी सहभाग चांगला. शैक्षणिक साधने वापरावीत.' कुणाच्याही नावावर खपतील अशी ही तीन वाक्ये. ती वाचून आजवर एकाही शिक्षकाचा तास सुधारलेला नाही.

तुम्ही हे वेगळ्या रीतीने करू शकाल. आदल्या दिवशी सांगून वर्गात जा. अचानक धाड घालू नका. मागच्या बाकावर बसा आणि शिक्षकाकडे कमी, मुलांच्या वह्यांकडे जास्त बघा. उदाहरण सोडवताना कितव्या पायरीवर पेन्सिली थांबल्या? फळ्यावरचे नुसते उतरवून कोण घेत होते आणि स्वतः कोण करत होते? तेवढेच टिपा. मग त्याच दिवशी, त्या शिक्षकाच्या मोकळ्या तासाला, शिक्षकखोलीत सर्वांसमोर नव्हे तर रिकाम्या वर्गात बसून त्याला तेच विचारा: "तिसऱ्या पायरीला मुलं थांबली, तुम्हाला काय वाटतं, का थांबली?" उत्तर त्याला शोधू द्या. समरूपतेच्या पाठात त्या नव्या सरांना तुम्ही 'असं शिकवा' म्हणाला नाहीत, त्यांच्याबरोबर मैदानावर गेलात. ते तसेच चालू ठेवा. मराठी, इतिहास, हिंदीच्या तासाला बसायला बिचकू नका. मुले कुठे हरवतात हे बघायला त्या विषयातली पदवी लागत नाही, आणि 'बाई गणिताच्या, त्यांना कवितेतलं काय कळतं' असे कुणी म्हणालेच, तर त्याच शिक्षकाकडून कविता समजावून घ्या. माणसे सांभाळायची म्हणता ना, ती अशीच सांभाळली जातात.

आता वर्ग सुटण्याच्या भीतीबद्दल. पर्यवेक्षकाचे तास कमी होतात, संपत नाहीत. प्रश्न असा की उरलेले तास कुठले. बहुतेक शाळा अनुभवी माणसाला दहावीच देतात, कारण निकालाची काळजी. तुम्ही दहावी मागू नका. नववी मागा, एक पूर्ण तुकडी. दहावीत बोर्डाची लेखी परीक्षा, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, सराव परीक्षा यांचे वेळापत्रक इतके घट्ट असते की तुम्हाला एखाद्या बैठकीला बोलावले आणि तास बुडाला तर त्याची किंमत मुले मोजतात. शिवाय दहावीत मुले गळतात ती गळती नववीतच सुरू झालेली असते. बहुपदी, समांतर रेषा, त्रिकोण इथे पाया कच्चा राहिला की पुढच्या वर्षी वर्गसमीकरणे आणि भूमितीचे प्रमेय पाठांतरावर जातात. नववीला 'मधले वर्ष' समजून नवख्या शिक्षकाच्या गळ्यात टाकण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. तुमच्यासारखी बाई तिथे हवी. आणि तो वर्ग हातात असला की शिक्षकखोलीत तुमच्या शब्दाला वजन राहील. जी बाई स्वतः खडू हातात घेते तिच्या सूचनेवर कुणी कुरकुर करत नाही.

तुमच्या पुण्यात तर हे नवे नाहीच. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाई फुले शिकवतही होत्या आणि शाळा चालवतही होत्या. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा शाळेची सूत्रे सांभाळणारे वामन शिवराम आपटे हे हाडाचे संस्कृतचे पंडित. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य झाले आणि कोशकार म्हणूनही त्यांचे नाव राहिले. शाळा चालवणारा माणूस आणि शिकवणारा माणूस अशी फाळणी तेव्हा नव्हती. ती आपण नंतर केली, आणि तिला कागदांनी खतपाणी घातले.

कागदांविषयीही खरे ते सांगते, कारण तीन वर्षांनी मुख्याध्यापकपद समोर येईल तेव्हा हा डोंगर तुमचाच असेल. शालार्थ या सरकारी संगणकप्रणालीतून पगारबिले, यू-डायस प्लस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, त्यावरून होणारी संचमान्यता म्हणजे शाळेला किती पदे मंजूर हे ठरणे, पोषण आहाराचा हिशोब, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाची आवेदनपत्रे, माहिती अधिकाराचे अर्ज, पालकांच्या तक्रारी. यातले संचमान्यतेचे काम मात्र कारकुनी समजू नका. पटसंख्येवर शिक्षकांची पदे ठरतात, पर्यवेक्षकाचे पदही त्यावरच टिकते. पेठांमधल्या मराठी शाळांचे पट कसे उतरत चालले आहेत हे तुम्ही रोज बघता. एखादी तुकडी कमी झाली की कुणीतरी अतिरिक्त ठरते आणि त्या माणसाच्या घरी त्या रात्री कुणी धड जेवत नाही. म्हणून पुढची तीन वर्षे वरिष्ठ लिपिकांशेजारी बसून ही सगळी कामे डोळ्यांखालून घाला. लिपिकांना मान देऊन शिका. शाळेच्या कार्यालयात सगळ्यात जास्त नियम त्यांना पाठ असतात.

एका जबाबदारीपुढे मात्र बाकी सगळी कामे मागे ठेवा. मुलामुलींच्या सुरक्षेची. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 चा आहे. त्याखाली लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न देणे हा गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयीची माहिती दडपली तर त्याला अधिक शिक्षा आहे. 2024 मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर शाळांवर कॅमेऱ्यांची आणि तपासणीची सक्ती झाली, पण कॅमेरा काही मुलीचे ऐकून घेत नाही. ऐकणारे माणूस लागते. पर्यवेक्षक म्हणून तुम्ही जिन्यात, मैदानावर, डब्याच्या सुट्टीत सगळीकडे दिसणार आहात, तेव्हा मुली बोलायला तुमच्याकडेच येतील. अशा वेळी 'आधी संस्थेच्या कानावर घालू, नाव खराब होईल' असे कुणी सुचवले, ते कितीही मोठे असले, तरी तुम्ही थांबायचे नाही. हे मी तुम्हाला विनंती म्हणून सांगत नाही, बजावून सांगते.

नियमांकडे वळू. 1977 चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली, ही दोन पुस्तके तुमच्या कपाटात हवीत. अप्पा बळवंत चौकात विचारा. मुख्याध्यापक होण्यासाठी पदवी, बी.एड. आणि किमान 5 वर्षे शिकवण्याचा अनुभव, त्यातली 2 वर्षे बी.एड. नंतरची, एवढे लागते. ते तुमच्याकडे कधीच झाले. पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्यांत जो सर्वांत ज्येष्ठ त्याची नेमणूक, असा नियम आहे, आणि ज्येष्ठता ठरते ती त्याच नियमावलीतल्या अनुसूची 'फ' प्रमाणे. तुमच्या शाळेची ज्येष्ठतायादी शेवटची कधी फिरवली गेली, त्यावर सर्वांच्या सह्या आहेत का, बी.एड. ची तारीख बरोबर आहे का, हे आताच बघा. वाद नेहमी पद रिकामे झाल्यावर निघतात, तेव्हा मने कलुषित झालेली असतात.

लेखी नकाराबद्दल: तोंडी किंवा घाईत लिहून काहीही देऊ नका. मुख्याध्यापकपदाचा हक्क ज्येष्ठ शिक्षकाने सोडला तर तो स्वेच्छेने सोडल्याचे लेखी निवेदन लागते आणि ते शिक्षणाधिकाऱ्यांकडे नोंदवावे लागते, इतकी ती गंभीर गोष्ट आहे. एकदा सोडला म्हणजे पुढच्या वेळी रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी विचार होणारच नाही, असे नाही. पदोन्नतीत डावलले गेल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येते, हेही माहीत असू द्या. ती वेळ येणार नाही, पण माहीत असलेले बरे.

पद स्वीकारताना संस्थेचा ठराव, पदोन्नतीचा आदेश आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, या तिन्ही गोष्टींचा पाठपुरावा स्वतः करा. मान्यता आली नाही तर काम पर्यवेक्षकाचे आणि पगार सहशिक्षकाचा, अशी अवस्था होते.

तुम्ही आठवीलाही शिकवता, म्हणून आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक ठरवली. 5 वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांना 2 वर्षांची मुदत दिली आणि पदोन्नती हवी असलेल्यांनाही ती परीक्षा लागेल असे म्हटले. तुमची मूळ मान्यता नववी-दहावीच्या गटावर आहे की सहावी ते आठवीच्या, यावर तुम्हाला ते लागू होते की नाही हे ठरेल. सेवापुस्तक काढून मान्यतेचा आदेश वाचा आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाला लेखी विचारून लेखी उत्तर घ्या. शिक्षकखोलीतल्या चर्चेवर विसंबू नका.

पैशाचे यजमान म्हणतात ते खरे आहे. 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी तुम्हाला मिळाली असणार, त्यामुळे पदोन्नतीने फार मोठी उडी पडत नाही. मात्र 24 वर्षांच्या सेवेनंतरची पुढची वेतनश्रेणी, म्हणजे निवडश्रेणी, तुमच्यापासून 3 वर्षांवर आहे. आताच्या पदोन्नतीने तिच्यावर काय परिणाम होतो, याचा आकडा लिपिकांकडून मांडून घ्या, गरज पडली तर शिक्षकांचे पगार काढणाऱ्या वेतन पथक कार्यालयात जाऊन विचारा. हा हिशोब यजमानांसमोर ठेवा म्हणजे बोलणे मुद्द्यावर राहील.

मुलीच्या बारावीसाठी पद नाकारण्याची गरज मला दिसत नाही. बारावीतल्या मुलीला आई घरी किती वाजता येते यापेक्षा ती कोणत्या मनःस्थितीत येते याचा जास्त फरक पडतो. संध्याकाळच्या बैठका आठवड्यात किती असतील हे मात्र सचिवांना आधीच विचारून घ्या.

शिकायची तयारी असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून करता येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनीही वर्षाला 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ते तास प्रमाणपत्रांमागे न घालवता दुसऱ्या शाळा बघण्यात घालवले तर मला जास्त आवडेल. पुण्यात त्याची चैन आहे. एखाद्या शनिवारी परवानगी काढून महापालिकेच्या शाळेत जा, ज्ञानप्रबोधिनीच्या प्रशालेत जा, जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या गावच्या माध्यमिक शाळेत जाऊन दिवसभर बसा. नोंदवहीत लिहा, काय उचलण्यासारखे आहे ते.

राहिली तुमची मैत्रीण. ती पुढची ज्येष्ठ आहे, तुमच्या निवृत्तीआधी तिलाही संधी येऊ शकते, आणि रोज एकाच खोलीत डबा उघडायचा आहे. म्हणून सचिवांना होकार कळवण्याआधी तिला स्वतः सांगा, तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. स्पष्टीकरणे देत बसू नका. 'मी हे पद घेते आहे. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे,' इतके पुरे. ती रागावली तर रागावू द्या, चार दिवस जातील. मग जूनच्या वेळापत्रकाचे काम सुरू होईल तेव्हा तिला शेजारी बसवा. ते काम एकटीने होतच नाही, आणि तिला त्यात गती असेल तर परीक्षा विभाग पूर्णपणे तिच्या हाती द्या, तुमच्या सहीच्या फाइलींसह. पद नसतानाही शाळा चालवायला शिकता येते, हे तिलाही कळायला हवे, आणि तुम्ही मुख्याध्यापिका व्हाल तेव्हा पर्यवेक्षकाच्या खुर्चीत तीच बसलेली असण्याची शक्यता आहे.